धूर चीनचा, ऑर्डर अमेरिकेची

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात माउंट बॅचलर नावाचा डोंगर आहे, उंची साधारण २,७६० मीटर, लोक तिथे स्कीइंगला जातात. पण त्याच्या माथ्यावर, स्की लिफ्ट संपते तिथे, वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॅन जॅफी आणि त्यांची टीम २००४ पासून हवा मोजतेय. जवळपास मोठे कारखाने नाहीत, हवा बहुतेक दिवस मस्त स्वच्छ असते. आणि मग मार्च ते मेच्या दरम्यान अधूनमधून कार्बन मोनॉक्साइड, ओझोन (श्वासात गेला तर छातीला त्रास देणारा वायू), पारा, बारीक कण असं सगळ्याचं प्रमाण एकदम वर जातं, आणि वारा कुठून आला ते मागे मागे शोधत गेलं की पॅसिफिक ओलांडून थेट पूर्व आशियात पोचायला होतं.

हे घडतं कसं ते मला फार भारी वाटतं. वसंतात चीन-जपानच्या बाजूने थंड हवेच्या लाटा समुद्राकडे सरकतात, त्या पुढची गरम, धुराने भरलेली हवा उचलून पाच-दहा किलोमीटर वर नेतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारे वाहत असतातच, ते ही हवा आठवड्याभरात पॅसिफिकपार नेऊन सोडतात. पाऊस लागला तर कण वाटेत धुतले जातात, पण ओझोन इतक्या उंचीवर काही आठवडे टिकतो, कार्बन मोनॉक्साइड महिना-दोन महिने, आणि पारा तर कित्येक महिने फिरत राहतो. त्यात आणखी एक पॅन नावाचं रसायन असतं, थंडीत ते नायट्रोजन ऑक्साइड पोटात धरून बसतं, मग हवा कॅलिफोर्नियाच्या बाजूला खाली उतरून गरम झाली की ते फुटतं आणि तिथे नवा ओझोन तयार होतो! म्हणजे धूर नुसता येत नाही, आल्यावरही काम चालू.

आता लगेच "बघा, चीन अमेरिकेची हवा घाण करतोय" असं कोणी म्हणेल, आणि तिथे म्हणणारे खूप आहेत. एक तर लॉस एंजेलिसचा धूर मुख्यतः लॉस एंजेलिसच्याच गाड्यांचा, बंदराचा आहे, बाहेरून येतो तो त्यात भर. आणि दुसरं, मला जे खरं सांगायचंय ते, हा धूर निघाला कशासाठी?

२०१४ मध्ये जिन्ताई लिन, स्टीव्हन डेव्हिस वगैरे संशोधक मंडळींनी नेमकं हेच मोजलं. २००६ साली चीनमधून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडपैकी ३६ टक्के निर्यातीच्या मालामुळे होता, नायट्रोजन ऑक्साइडचे २७ टक्के, आणि या निर्यातीच्या धुरातला साधारण पाचवा भाग खास अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा. तोच निर्यातीचा धूर परत पश्चिम अमेरिकेत येऊन काही दिवशी तिथल्या सल्फेटमध्ये, म्हणजे सल्फर डायऑक्साइडपासून हवेत बनणाऱ्या बारीक कणांमध्ये, १२ ते २४ टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचा. पण कारखाने चीनला गेल्यामुळे पूर्व अमेरिकेची हवा उलट सुधारली, हेही त्याच अभ्यासात आलंय. म्हणजे फायदा एका किनाऱ्याला, तोटा दुसऱ्याला, आणि सगळ्यात मोठा तोटा जिथे चिमणी आहे तिथल्या माणसांना.

२०१७ मध्ये याच विषयावर आणखी एक अभ्यास आला, तो तर वाचून मला खरंच त्रास झाला. २००७ या एका वर्षात चीनमध्ये निघालेल्या बारीक कणांमुळे पश्चिम युरोप आणि अमेरिकेत मिळून ३,१०० च्या वर अकाली मृत्यू, असा त्या अभ्यासाचा अंदाज. आणि पश्चिम युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी वापरलेल्या वस्तू-सेवांपायी चीनमध्ये झालेले मृत्यू? १,०८,६०० च्या वर. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोण कोणाला दोष देणार सांगा!

सीमेपलीकडच्या प्रदूषणावर १९७९ चा जिनिव्हा करार आहे, पण तो युरोप आणि उत्तर अमेरिकेचा, त्यात चीनही नाही आणि आपणही नाही. शिवाय हिशोब धरायचा तो धूर निघतो त्या देशाच्या नावावर, माल मागवणाऱ्याच्या नावावर काहीच नाही, हे मला अजिबात पटत नाही. विकत घेणाऱ्या देशांनी चिमणीला फिल्टर बसवायचा खर्च मालाच्या किमतीत द्यायला हवा.

चीनने २०१३ नंतर कडक नियम आणून सल्फरचा धूर खूप कमी केला, तो करू शकला. आता कंपन्या चीनबाहेर जागा शोधतायत, व्हिएतनाम, भारत, आणि आपल्याकडे चाकण-तळोज्याच्या पट्ट्यातून माल आधीपासूनच परदेशी जातोय. उद्या ऑर्डरी वाढतील, त्यांचं स्वागतच आहे, पण त्या धुरातला पॅसिफिकपार जाईल तो थोडा, बाकीचा सगळा आधी आपल्याच पोरांच्या छातीत जाणार आहे, तेव्हा फिल्टरचे पैसे ऑर्डर घेतानाच मागायला हवेत.