गळती झाली तर वास कसला येईल?

टेक्सासच्या किनाऱ्याला हायड्रोजन नवा नाही. ह्यूस्टनच्या जहाज-कालव्याच्या दोन्ही काठांवर तेलशुद्धीकरण कारखाने आहेत आणि इंधनातलं गंधक काढायला त्या सगळ्यांना हायड्रोजन लागतो. त्याच्या पाइपलाइनी कित्येक दशकांपासून लोकवस्तीजवळून गेलेल्या आहेत. जमिनीखालच्या मिठाच्या घुमटांत पोकळ्या करून हा वायू साठवतातही. अडचण एवढीच की तो बनतो नैसर्गिक वायूपासून, आणि किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे बदलावं म्हणून अमेरिकेने २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात ८ अब्ज डॉलर बाजूला काढले. ऑक्टोबर २०२३मध्ये ऊर्जा विभागाने स्वच्छ हायड्रोजनसाठी देशभरातली सात प्रादेशिक केंद्रं निवडली. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गल्फ कोस्ट केंद्राच्या वाट्याला १.२ अब्ज डॉलरपर्यंतची मदत आली. त्यातले २.२ कोटी पहिल्या टप्प्यासाठी नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झाले.

मी प्रोसेस सेफ्टीत, म्हणजे कारखान्यांतल्या गळती, आग, स्फोट टाळण्याच्या कामात आहे. रायगड जिल्ह्यात अमोनिया प्लांटवर नोकरीची सुरुवात झाली आणि अमोनिया हायड्रोजनपासूनच बनतो, त्यामुळे हायड्रोजनशी ओळख जुनी. या केंद्राशी जोडून घेऊ पाहणाऱ्या एका प्रकल्पाच्या सुरक्षेचं काम आमच्याकडे होतं. त्या डिसेंबरात एकाच दिवशी दोन कार्यक्रम लागले: सकाळी जवळच्या गावांतल्या स्वयंसेवी अग्निशमन दलांचा सराव आणि संध्याकाळी गावकऱ्यांची सभा.

ही दलं स्वयंसेवी आहेत, म्हणजे कुणी शाळेची बस चालवतो, कुणी हार्डवेअरच्या दुकानात असतो आणि भोंगा वाजला की हातातलं काम टाकून निघतो. लख्ख ऊन पडलं होतं. सरावाच्या मैदानात एका नळीच्या तोंडाशी हायड्रोजन पेटवला होता. सगळे वीस-पंचवीस फुटांवर उभे. "पेटवा की," एक तरुण म्हणाला. तो पेटलेलाच होता. उन्हात हायड्रोजनची ज्योत जवळपास दिसत नाही, धूर नसतो, आणि लाकडाच्या किंवा पेट्रोलच्या आगीसारखी धगही दुरून लागत नाही. म्हणजे आग अंगाला भिडेपर्यंत सावध करणारं काहीच नाही.

मग एका कारखान्यातून निवृत्त झालेला ऑपरेटर पुढे झाला. त्याच्या हातात लांब दांड्याचा गवती झाडू होता. झाडू आडवा समोर धरून, पाऊल मोजत तो नळीकडे निघाला. नळीच्या तोंडापासून चांगल्या हातभर अंतरावर झाडूच्या काड्या एकदम पेटल्या. गवत पिवळं जळायला लागलं तेव्हा कुठे त्या ज्योतीची लांबी आम्हाला कळली. उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरे येण्याआधी कारखान्यांत गळतीची आग अशीच शोधत. मी ते वाचलं होतं, प्रत्यक्ष पाहत होते पहिल्यांदाच. मघाचा तरुण दोन पावलं मागे सरकला होता.

पुढचा तासभर मी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत राहिले: ज्योत विझवायला धावू नका. आधी व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. पुरवठा चालू असताना ज्योत विझवली तर वायू साठतो आणि मग आगीऐवजी स्फोट होतो. तोवर पाणी मारायचं ते शेजारच्या टाक्या थंड ठेवायला. आणि गळती वर शोधायची. प्रोपेन, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, त्यामुळे या मंडळींची नजर सवयीने खाली जाते. हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका. मोकळ्यावर तो झटकन वर जाऊन विरतो, पण छपराखाली अडकला तर धोका. हवेत चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि ठिणगी इतकी क्षुल्लक पुरते की अंगावरच्या कपड्यांतली स्थिर वीजही चालते.

संध्याकाळची सभा शाळेच्या कॅफेटेरियात होती. कंपनीच्या माणसांनी नकाशे लावले, नोकऱ्यांचे आकडे सांगितले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मधल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. बोलत होत्या स्पॅनिशमध्ये, नात इंग्रजी करून सांगत होती. "आमच्याकडे गॅस गळला की वास येतो. वास आला की पोरांना घेऊन आम्ही बाहेर पळतो. तुमचा हा गॅस गळला तर वास कसला येईल?"

उत्तर माझ्याकडे आलं. मी सांगितलं, कसलाच नाही. घरच्या गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधीचं रसायन मिसळतात, त्यात गंधक असतं आणि ते फ्युएल सेलमधल्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रातल्या, उत्प्रेरकाला निकामी करतं. म्हणून हायड्रोजनमध्ये ते घालत नाहीत.

कंपनीचे एक अधिकारी लगेच म्हणाले, चोवीस तास चालणारे डिटेक्टर बसवणार आहोत. आजींनी नातीचं पुरं बोलणं होऊ दिलं आणि म्हणाल्या, "ते तुमच्या गेटच्या आत. माझं घर गेटच्या बाहेर आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत सुरक्षेबद्दल याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. तेवढ्यात सकाळच्या सरावाला आलेले अग्निशमन दलाचे प्रमुख मागून उठले. "मॅडम, मी आज आग बघायला गेलो आणि ती मला दिसली नाही," त्यांनी सरळ सांगितलं. "आमच्याकडे थर्मल कॅमेरा एक आहे. तोही शेजारच्या गावाबरोबर वाटून वापरतो." सभेचा रोख तिथून बदलला. नोकऱ्या राहिल्या बाजूला, कॅमेरे किती, भोंगा कुठे, फोनवरचा संदेश स्पॅनिशमध्ये येणार का, यावर लोक बोलायला लागले. असा एक कॅमेरा काही हजार डॉलरांत येतो. अब्जांच्या योजनेत या रकमेसाठी कुणाला सभेत उभं राहावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं. पुण्यात हायड्रोजन व्हॅली नावाचा हायड्रोजन प्रकल्पांचा क्लस्टर होतोय, तिथल्या मित्रांना मी हेच विचारते: अग्निशमन दल पहिल्या बैठकीला होतं का?

या मागण्या आम्ही लोकहिताच्या आराखड्यात, म्हणजे प्रकल्पातून स्थानिकांना काय मिळेल हे सांगणाऱ्या कागदात, घातल्या. केंद्रांची निवड करताना या आराखड्याला २० टक्के गुण होते, त्यामुळे जागा योग्य वाटली. जानेवारी २०२५मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि या आराखड्यांची सक्तीच गेली. ऑक्टोबरात तर कॅलिफोर्निया आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट या दोन केंद्रांचा निधी रद्द झाल्याची बातमी आली.

सक्ती गेली तेव्हाच मी त्या मागण्या उचलून प्रकल्पाच्या सुरक्षा आराखड्यातल्या आपत्कालीन नियोजनाच्या प्रकरणात हलवल्या. दहा हजार पौंडांहून जास्त ज्वलनशील वायू एका ठिकाणी असेल तर ते प्रकरण कामगार सुरक्षेच्या कायद्याने बंधनकारक होतं, अनुदान असो वा नसो. व्यवस्थापनाने थोडी कुरकुर केली, पण विम्याच्या लोकांनी माझी बाजू उचलून धरली. दोन्ही गावांना स्वतःचे कॅमेरे मिळाले. सराव दरवर्षी होणार आहे आणि त्या दिवसाची मजुरी स्वयंसेवकांना प्रकल्प देणार आहे.

गेटबाहेरच्या पाइपलाइनीवर डिटेक्टर आणि भोंगा बसवण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पाइपलाइन दुसऱ्या कंपनीच्या मालकीची आहे आणि खर्च कुणी करायचा यावर पत्रं चालू आहेत. प्रत्येक पत्राला मी आजींच्या घराचं अंतर दाखवणारा नकाशा जोडते.