रात्रीच्या ताटाचा पेच आणि कडक भाकरी

उतारवयात स्नायूंची ताकद टिकावी म्हणून रोजच्या जेवणात पुरेशी प्रथिने बसवण्याचा माझा प्रयोग चालू आहे. मागच्या नोंदीत मी रात्रीच्या जेवणापाशी अडले होते, हे नियमित वाचणाऱ्या मंडळींना आठवत असेल. सकाळची आणि दुपारची प्रथिने आता विनासायास जमतात. रात्रीचे ताट मात्र १५ ते १७ ग्रॅमच्या पुढे सरकत नव्हते. या आठवड्यात ते प्रथमच २७ ग्रॅमवर पोहोचले आणि तेही ज्वारीची भाकरी न सोडता. म्हणून आजची नोंद जवळजवळ पूर्णपणे त्याच एका प्रश्नावर आहे.

हिशोब पूर्वीचाच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली असली, तरी वयस्करांच्या प्रथिनांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅमचे प्रमाण सुचवले होते आणि आपण सगळे तेच धरून चाललो आहोत. माझे वजन ६२ किलो, म्हणजे दिवसाला साधारण ७४ ग्रॅम. वय वाढल्यावर स्नायू प्रथिनांच्या लहान मात्रेला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. पुरुषांवर झालेल्या एका तुलनेत तरुणांना एका जेवणात दर किलोमागे ०.२४ ग्रॅम पुरले, तर वयस्करांना सुमारे ०.४ ग्रॅम लागले. हाच आकडा मला लावला तर प्रत्येक जेवणात २५ ग्रॅम येतात, आणि म्हणूनच रात्रीची उणीव दुपारच्या ताटावर ढकलून मला समाधान वाटत नव्हते.

आमचे रात्रीचे जेवण म्हणजे दोन भाकरी, पालेभाजी, पातळ आमटी आणि शेंगा चटणी. दोन भाकरींना १२० ग्रॅम पीठ धरले तर १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन, म्हणजे शरीराला अन्नातूनच मिळवावे लागणारे एक अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक), फार कमी असते, त्यामुळे ते १२ ग्रॅम वहीत जेवढे दिसतात तेवढे शरीराच्या कामी येत नाहीत. शेंगा चटणीवर माझे प्रेम आहे, परंतु चमचाभर चटणीतून दोन-अडीच ग्रॅमच मिळतात आणि शेंगदाण्यातही लायसिन बेताचेच. डाळ वाढवावी तर भाकरीने पोट आधीच भरलेले असते, विशेषतः उन्हाळ्यात, जेव्हा सोलापुरात संध्याकाळी सातलाही भिंती गरम असतात आणि भूक निम्मी होते. तेव्हा जागा न वाढवता प्रथिने वाढवायची, तर ती भाकरीच्या पिठातच जायला हवीत, या निष्कर्षावर मी मागेच आले होते.

त्यासाठी सोयाबीन निवडले, कारण त्यात ३६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि ज्वारीत जे लायसिन कमी पडते ते त्यात भरपूर असते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात, म्हणून बार्शीकडचे सोयाबीन आणून ते भिजवून, उकळून, कडक उन्हात वाळवून आणि शेवटी खमंग भाजून घेतले. याने त्याचा हिरवट वासही जातो. दळणाचा प्रश्न गिरणीवाल्या काकांनी सोडवला. नुसते सोयाबीन जात्यात घातले की तेल सुटून दगड बुजतात, म्हणून त्यांनी ते मालदांडी ज्वारीत मिसळूनच दळायला सांगितले आणि पीठ अगदी मोकळे आले. बाजारातील तयार सोयापिठापेक्षा हे पीठ कितीतरी सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा छळ पुढे सुरू झाला. दहाव्या हिश्शापर्यंत सोयाबीन भाकरी निमूट सहन करते. पाचव्या हिश्शाला कडांना चिरा पडू लागतात. माझ्या हिशोबाला तर तिसरा हिस्सा लागत होता, आणि त्या प्रमाणात गोळा परातीत थापताना मध्येच दुभंगायचा, तव्यावर टाकताना दोन तुकडे व्हायचे आणि पापुद्रा सुटण्याचे तर नावच नाही. कारण सरळ आहे. ज्वारीत गव्हासारखे चिवट प्रथिन नसते. तिला धरून ठेवतो तो गरम पाण्याने फुललेला स्टार्च. सोयाबीनने स्टार्चचे प्रमाण घटते, आणि वर ते पाणीही ओढून घेते. पीठ जुने होऊन त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, गेली की भाकरीची जी गत होते, तीच येथे ताज्या पिठाची होते.

यावर उकड काढण्याचा उपाय केला. अर्धे पीठ आधणात घालून, झाकून, मग उरलेल्या पिठात मळले. गोळा छान जमला आणि भाकरी फुगलीसुद्धा, परंतु वाचन करताना एक जुनीच अडचण पुन्हा समोर आली. ज्वारीतील काफिरिन नावाची प्रथिने पाण्यात शिजताना एकमेकांशी गंधकाच्या बंधांनी जखडली जातात आणि त्यांचे पचन कमी होते. प्रथिनांसाठीच ज्वारी आणखी ओली शिजवायची, हे मला पटेना. शिवाय उकडीची भाकरी जड होते आणि दुसरी भाकरी ताटातच राहते.

तोडगा निघाला तो आमच्या गल्लीत कडक भाकरी करून विकणाऱ्या मावशींकडे. त्यांना पीठ दाखवले. त्यांनी ते चिमटीत घेऊन चोळले, बोटाला लागलेले तेल पाहिले आणि म्हणाल्या, "अहो बाई, हे पीठ मऊ भाकरीसाठी कशाला झिजवताय? पातळ थापा आणि कडक करा." कडक भाकरीला दुमडायचे नसते, तिला फुगायचे नसते, आणि कडेला चीर पडली तरी तिचे काही बिघडत नाही. मावशींनी ४० ग्रॅम पिठाची भाकरी हातावर न घेता ओल्या फडक्यावर थापली, फडक्यासकट तव्यावर उलटी घातली, आणि दोन्ही अंगांनी भाजल्यावर आच मंद करून कोरड्या फडक्याने दाबत दाबत तिच्यातील सगळा ओलावा घालवला. तिसरा हिस्सा सोयाबीन असलेली भाकरी तव्यावरून अखंड उतरली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तीळ आणि मीठ घातल्याने ती नुसतीही खाववते, आणि बोट लावले की काड्कन मोडते.

आता रात्री अशा तीन भाकरी घेते. ८० ग्रॅम ज्वारीचे ८ आणि ४० ग्रॅम सोयाबीनचे १४ ग्रॅम, त्यात मोठी वाटी घट्ट दह्याचे ५ ग्रॅम. ल्यूसिन, म्हणजे स्नायूंची बांधणी सुरू करणारे अमिनो आम्ल, माझ्या मोजणीने अडीच ग्रॅमच्या आसपास भरते, आणि जेवणागणिक तेवढेच आपण धरत आलो आहोत. ज्यांना कवळी आहे त्यांनी भाकरी आमटीत किंवा दह्यात कुस्करून दहा मिनिटे ठेवावी. माझ्या सासूबाई तशीच खातात आणि त्यांना ती आवडते. दह्याऐवजी ताक चालेल का, असे पूर्वी विचारले गेले होते. पातळ ताकात प्रथिने इतकी थोडी असतात की ते या हिशोबात धरू नये. त्यापेक्षा चक्का उत्तम.

हे लिहीत असतानाच एक नवी दिशा दिसते आहे. ज्वारी आंबवली की तिच्या प्रथिनांचे पचन सुधारते, आणि आपल्याकडे आंबील तर पिढ्यान् पिढ्या होते. मग पीठ रात्रभर ताकात आंबवून दुसऱ्या दिवशी त्याचीच कडक भाकरी का करू नये? पुढच्या आठवड्यात हुलग्याचे पीठ वापरून पाहण्याचा बेत होता, तो आता मागे ठेवते आणि आधी आंबवणच हाती घेते. आंबट पिठाने गोळा आणखी सैल होईल अशी शंका आहे, पण ओल्या फडक्यामुळे ते निभावेल.

मोजमापांचे थोडक्यात सांगते. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठण्याला आता १२ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या निकषांत १२ किंवा अधिक सेकंद ही मंदावलेल्या हालचालीची खूण मानली आहे, म्हणून ही रेषा ओलांडल्याचे मला फार मोल आहे. मुठीची पकड स्त्रियांसाठी १८ किलोच्या वर हवी, ती आहे. याचे श्रेय एकट्या भाकरीला देत नाही. वजनाच्या पिशव्या घेऊन उठबशा नसत्या तर ही प्रथिने स्नायूंपर्यंत फारशी पोहोचलीच नसती. बॉस्टनमध्ये १९९० साली नव्वदीतील वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, हे मी आमच्या गटात पुन्हा पुन्हा सांगते.

साधनांपैकी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा आणि शिंप्याची टेप या दोन वस्तूंवर माझा पूर्ण विश्वास आहे. स्नायूंचे प्रमाण दाखवणाऱ्या वजनकाट्यावर नाही, कारण शरीरातील पाणी कमी-जास्त झाले की त्याचा आकडा बदलतो आणि आपल्या उन्हाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ वेगळाच येतो. प्रथिनांच्या पावडरचा महाग डबा मी पुन्हा आणणार नाही. त्या पैशांत दोन महिन्यांचे सोयाबीन, दळण आणि दही निघते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आंबवलेल्या ज्वारीची भाकरी कोणी केली असेल, तर पीठ किती तास ठेवले आणि ताकाचे प्रमाण काय घेतले ते कृपया कळवावे; मी शनिवारी पीठ भिजवणार आहे.