पाऊस, उघडीप आणि सागाची फळी

मुसळधार पावसात निथळणारं झाड बघितलं की वाटतं, काय चंगळ आहे याची! वरून पाणी, खालून पाणी. पण नेमक्या त्या वेळी झाडाच्या आत फारसं काही हलत नसतं. पानं भिजलेली, हवा ओलीचिंब. पानातली वाफ जाणार कुठे? आणि वाफ गेली नाही तर मुळांकडून पाणी वर ओढायला कारणच उरत नाही. आषाढाची झड लागली की झाड बसून असतं. श्रावणात ढग फाटून तासभर स्वच्छ ऊन पडतं, तेव्हा आतली लगबग सुरू होते. पाऊस जमिनीत पाणी भरून ठेवतो. ते शेंड्याला चढतं उघडिपीत.

आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला पंप लागतो आणि तो बिघडला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रणकंदन माजतं. झाडाला पंपच नाही. पानांच्या बारीक रंध्रांतून वाफ उडते आणि उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मागचं पाणी ओढलं जातं, कारण पाण्याचे कण एकमेकांना सहजी सोडत नाहीत. मुळापासून शेंड्यापर्यंत जलवाहिन्यांमधून पाणी अखंड ताणलेलं असतं. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्यावर वाद झडले. साहजिक आहे. पाणी ताणलं जातं, हे आजही ऐकायला विचित्रच वाटतं.

खालून रेटा येतच नाही असं मात्र नाही. पावसाळी सकाळी अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबताना दिसतो, तो दरवेळी दवाचाच असतो असं नाही. रात्री वाफ उडत नाही, जमीन ओली असते, मग मुळांनी ढकललेलं पाणी पानाच्या टोकातून बाहेर येतं. अळवाला हे जमतं. सागाच्या शेंड्यापर्यंत पोचायची या रेट्याची ताकद नाही.

खरी परीक्षा वैशाखात. जमीन कोरडी, हवा त्याहून कोरडी, आणि ओढ वाढतच जाते. वातावरणाच्या दाबाच्या वीसपट, कधी त्याहूनही जास्त. अशात एखाद्या वाहिनीत हवा शिरली की पाण्याची सलगता तुटते आणि ती वाहिनी बाद होते. तुटताना आवाज होतो. आपल्या कानांना तो बहुधा ऐकू येत नाही, पण खोडाला संवेदक लावला की टकटक नोंदवता येते. उन्हाळ्यातल्या दुपारी आपण ज्या सावलीला 'काय शांत आहे इथे' म्हणत बसतो, तिथे डोक्यावर ही पडझड चाललेली असू शकते.

यावर सागाचा उपाय सरळ आहे: पानंच टाकून द्यायची. ताटाएवढी पानं, खर्चही तसाच. ती गेली की वाफ थांबते, ओढ सैलावते. पांगारा आणि काटेसावर याच्या पुढे जातात. त्यांचं खोड हलकं, मऊ, पाणी साठवणारं. पानं गळली की खर्च थांबतो आणि त्या साठ्यावर ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाचा थेंब नसताना, ती लालभडक फुलतात. मला यात थोडी मिजास दिसते. साग तसा हिशेबी.

पाऊस आला की मात्र हा हिशेबी साग सढळ होतो. कोवळी पानं (चोळली की तळहात लाल करणारी) भराभर मोठी व्हायची असतात, त्यांना पाणी हवं, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला तो रुंद वाहिन्या घडवतो. वाहिनीची रुंदी दुप्पट केली तर तेवढ्याच ओढीत सोळापट पाणी जातं. मोह पडावा असाच फायदा. धोका एवढाच, की रुंद वाहिन्या टंचाईत सहसा आधी दगा देतात. म्हणून हंगाम सरत येतो तशा नव्या वाहिन्या अरुंद होतात, लाकूड घट्ट होतं, आणि मग वाढ थांबते. पुढच्या वर्षी पुन्हा रुंद. जुन्या वाहिन्या कालांतराने बुजतात, गाभा होतात. पाण्याची वाहतूक बाहेरच्या पांढऱ्या भागातूनच चालते.

सागाच्या फळीचं कापलेलं टोक बघा. बारीक छिद्रांची ओळ (त्याच त्या रुंद वाहिन्या), मग दाट पट्टा, मग पुन्हा छिद्रांची ओळ. ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आंब्याच्या फळीत शोधू नका. बारमाही हिरव्या आंब्याला अशी सुरुवात आणि शेवट नसतो, त्याची छिद्रं सगळीकडे विखुरलेली. सागाचं प्रत्येक वलय, म्हणजे एक ओळ आणि एक पट्टा, ही एकेका पावसाळ्यात बांधलेली पाण्याची व्यवस्था, आणि पावसाने ओढ दिली त्या वर्षीचं वलय बारीक. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी केरळमधल्या सागांची वलयं मोजून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका जुळवली. दुष्काळाची, एल निनोची वर्षं तीत अरुंद वलयांच्या रूपाने दिसतात. पर्जन्यमापक नव्हते तेव्हापासून सागाने नोंद ठेवलेली आहे, तीही स्वतःच्या गरजेपोटी.

म्हणून लाकडाच्या वखारीत गेलं की मी आधी फळीचं टोक बघतो. सीपी (म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला) साग, बल्लारशाचा साग, भाव सगळेच सांगतात. अमुक साली पाऊस कमी होता का, हे कोणी सांगत नाही. अलीकडे एका दुकानदाराने माझा हा उद्योग बघून प्लायवुडवर चिकटवायचा सनमायका पुढे केला. "रेषा हव्यात ना साहेब? अस्सल सागाच्या आहेत, आणि पुसायला सोप्या." रेषा खरंच हुबेहूब होत्या. फक्त दर दोन हातांवर तोच दुष्काळ पुन्हा येत होता.