जर्मनीत दर ठरलेला असतो, घोळ असतो तासांचा

सांगली-मिरजेहून मुलगा किंवा मुलगी शिकायला जर्मनीला निघाली की घरात एक हिशेब हमखास मांडला जातो. ताशी १३.९० युरो, गुणिले तास, गुणिले युरोचा भाव. दर बरोबर आहे. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तेवढंच आहे आणि २०२७ मध्ये ते १४.६० होणार आहे. पण हातात किती पडणार हे तास कोण मोजतो आणि कसे मोजतो यावर ठरतं.

विद्यार्थी बहुधा ज्या कामाला लागतात त्याला तिथे 'मिनीजॉब' म्हणतात. महिन्याची कमाई ६०३ युरोंच्या आत असेल तर कामगाराच्या पगारातून आरोग्य विम्याचा हप्ता जात नाही. पेन्शनचे ३.६ टक्के कापतात, तेही लेखी अर्ज दिला तर थांबतं. ६०३ भागिले १३.९०, म्हणजे महिन्याला साधारण ४३ तास. दर वाढला तरी तास तेवढेच राहतात, कारण ऑक्टोबर २०२२ पासून ही मर्यादा किमान वेतनालाच बांधलेली आहे: दर गुणिले १३०, भागिले ३. त्याआधी मर्यादा ४५० युरोंवर गोठलेली होती. २०१५ मध्ये ८.५० च्या दराने तेवढ्या पैशांत जवळपास ५३ तास काम करता यायचं, २०२२ च्या जुलैत १०.४५ दर झाला तेव्हा ४३ तासच उरले. ताशी दर वाढत गेला, महिन्याची कमाई होती तिथेच राहिली. कायद्यातला एक आकडा हलवायचा आणि त्याला जोडलेला दुसरा तसाच ठेवायचा, म्हणजे वाढ कागदावरच राहते.

आता तासांकडे या. मिनीजॉब असेल, किंवा हॉटेल, बांधकाम, साफसफाई अशी क्षेत्रं असतील, तर मालकाने कामाची सुरुवात, शेवट आणि एकूण वेळ सात दिवसांच्या आत लिहून ठेवायची असते आणि ती नोंद दोन वर्षं जपायची असते. गळती होते ती इथेच. पाळी चार तासांची लिहितात, पण दुकान बंद झाल्यावर फरशी पुसणं, गल्ला मोजणं यात आणखी अर्धा तास जातो. ५५.६० युरो साडेचार तासांत वाटले की दर १२.३६ वर येतो, म्हणजे सरळ किमान वेतनाच्या खाली. टिप या हिशेबात धरता येत नाही. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी बिनपगारी असते, पण त्या वेळात काउंटरवर थांबायला सांगितलं तर ती सुट्टी नव्हे, काम आहे.

२०१५ मध्ये जर्मनीत किमान वेतनाचा हा कायदा आला तेव्हा लाखो नोकऱ्या जातील असं अनेक अर्थतज्ज्ञ सांगत होते. तसं झालं नाही. अर्थतज्ज्ञ ख्रिश्चन डुस्टमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की कमी पगाराचे बरेच कामगार छोट्या, कमी देणाऱ्या आस्थापना सोडून मोठ्या, जास्त देणाऱ्या ठिकाणी गेले. कामगाराला दुसरीकडे जाणं अवघड असतं तिथे मालक त्याच्या कामाच्या किमतीपेक्षा कमी देऊन निभावून नेतो; त्या फरकाइतका दर वाढवला तर रोजगार कमी व्हायचं कारण नसतं. सांगलीकरांना हे समजायला ऊसतोडीचा फड पुरे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडी हंगामाच्या मध्यात जास्त भाव देणाऱ्याकडे जाऊ शकत नाही. शिवाय तिथे मजुरी टनावर आहे. गाडी भरायला रात्री दोनला उठलं, कारखान्याच्या गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत ताटकळलं, ते तास कुठल्याच वहीत चढत नाहीत. टनाचा दर वाढावा ही मागणी योग्यच आहे, पण या वेळेची मोजणी मागितल्याशिवाय ती अर्धीच राहते, असं आमचं ठाम मत आहे.

दर वाढवला की सगळं भागतं असंही नाही, आणि याचा दाखला आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमी योजनेचा पाया घातला, तिची मजुरी पुढे किमान वेतनाला जोडली गेली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने किमान वेतन जवळपास दुप्पट केलं. योजनेचा पैसा त्या प्रमाणात वाढला नाही, म्हणून कामंच कमी निघू लागली. मागेल त्याला काम ही हमी दर वाढल्यामुळे नव्हे, तिजोरी न वाढल्यामुळे सैल झाली.

जर्मनीत कमी पैसे मिळाले तर कुठे जायचं, यात मुलांची गल्लत होते. तपासणी कस्टम खातं करतं, ज्याला तिथे 'त्सोल' म्हणतात. ते मालकाला पाच लाख युरोंपर्यंत दंड करू शकतं, पण दंड सरकारजमा होतो. तुमची थकबाकी ते वसूल करून देत नाही. त्यासाठी कामगार न्यायालयात दावा लावायचा. पहिल्या पायरीवर वकील लागत नाही, न्यायालयाच्या अर्ज कक्षात दावा तोंडी सांगितला तरी लिहून घेतात. मुदत तीन वर्षं, तीही ज्या वर्षाचं वेतन थकलं ते वर्ष संपल्यापासून. किमान वेतनाच्या रकमेपुरता हक्क सोडल्याचं करारात लिहिलेलं असलं तरी ते कलम चालत नाही. मात्र किती तास केले हे कामगारालाच मांडावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून रोजची येण्या-जाण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा, पाळीच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि मालकाने वेळ बदलल्याचे मेसेज पुसू नका.