चादरीचा लाल, बाराबंदीचा पांढरा: रेंडरिंग इंटेंटची नोंद

छपाईच्या लस्टर (किंचित चमकदार) कागदाचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल, बसवून झाल्यावर कोणत्या छायाचित्राला कोणता रेंडरिंग इंटेंट, म्हणजे छायाचित्रातील रंग कागदाच्या रंगांत बदलण्याची पद्धत, लावायचा, हा प्रश्न हाती घेतला. सर्व छायाचित्रांना एकच इंटेंट लावून मोकळे होण्याची सवय सोडावी लागेल, असे आता माझे मत झाले आहे.

पहिली कसोटी गडद लाल सोलापुरी चादरीची होती. ॲडोबी आरजीबी या विस्तृत रंगपट्ट्यातील त्या लालाचा बराच भाग कागदाच्या गॅमटबाहेर, म्हणजे कागदावर उमटू शकणाऱ्या रंगांच्या कक्षेबाहेर जातो, हे सॉफ्ट प्रूफमध्ये (छपाईच्या पडद्यावरील नमुन्यात) गॅमट वॉर्निंग लावताच दिसले. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक हा इंटेंट गॅमटमधील रंग जवळपास जसेच्या तसे ठेवतो आणि बाहेरचे रंग कडेवर आणून बसवतो. त्यामुळे मुळात वेगळ्या असलेल्या लाल छटा एकाच जागी गोळा झाल्या आणि घडीवर ऊन पडले होते तेथे उभे-आडवे धागे मिसळून नुसता सपाट पट्टा उरला. परसेप्च्युअल हा दुसरा इंटेंट सगळाच रंगपट्टा आवळून घेत असल्याने धागे पुन्हा सुटे दिसू लागले, मात्र शेजारच्या पोपटी नक्षीचा तजेला थोडा उतरला. चादरीच्या छायाचित्रात वीण दिसलीच पाहिजे, म्हणून तो तोटा मी पत्करला.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील नंदीध्वजाच्या (मिरवणुकीतील उंच काठीच्या) छायाचित्रात गॅमटबाहेरचे रंग जवळजवळ नव्हतेच. तेथे परसेप्च्युअलने विनाकारण फिकेपणा आला असता, कारण रंग किती आवळायचे हे प्रोफाइल बनवतानाच त्याच्या तक्त्यांत ठरलेले असते. समोरच्या छायाचित्राला त्याची गरज आहे की नाही, हे त्यात पाहिले जात नाही. म्हणून रिलेटिव्ह कलरिमेट्रिक घेतला आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (छायाचित्रातील काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणे) चालू ठेवले, म्हणजे गर्दीतील सावल्यांचा तपशील काळ्यात बुडत नाही. ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक हा तिसरा इंटेंट मूळ पांढऱ्याची छटाही कागदावर उमटवू पाहतो, त्यामुळे यात्रेकरूंच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंदीवर (बंदांच्या अंगरख्यावर) शाईचा पातळ थर चढू शकतो. एका कागदावरची छपाई कशी दिसेल याचा अंदाज दुसऱ्या कागदावर घेणाऱ्यांना तो उपयोगी. भिंतीवर लावायच्या चित्राला नव्हे. सॅच्युरेशन हा चौथा इंटेंट आलेख आणि तक्त्यांसाठी आहे, तो मी वापरून पाहिला नाही.

फोटो लॅबला एसआरजीबी (पडद्यांवर सर्रास वापरला जाणारा, लहान रंगपट्टा) फाइल द्यायची असेल, तर मात्र ही निवड बहुधा नावापुरतीच उरते. नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये परसेप्च्युअलचा तक्ताच नसतो, त्यामुळे तो निवडला तरी रूपांतर रिलेटिव्हप्रमाणेच होते. कागदासाठीचा खरा इंटेंट लॅबच्या यंत्रावर लागतो. फाइल देतानाच तो विचारून घ्यावा.