येळ्ळूरचं पोरगं, रिंगखालचा फॉरवर्ड

आज बेळगावात कॉलेजच्या पोरांचा बास्केटबॉलचा सराव बघितला. येळ्ळूरकडचा एक फॉरवर्ड, म्हणजे रिंगजवळ खेळणारा गडी आहे, कबड्डीतून आलेला. कंबर खाली ठेवून आडवं सरकणं त्याला शिकवावं लागत नाही, गावच्या मातीनंच ते दिलंय.

अडतं ते रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला बॉल धरायला. शॉट सुटला की नजर बॉलमागं जाते आणि पाठीमागचा विरोधी गडी मोकळा सुटतो. आधी गडी शोधायचा, त्याच्या दोन पायांमध्ये आपला पाय रोवून वळायचं, कंबर त्याला टेकवायची, कोपर फाकवायचे, मगच वर बघायचं. आज दहाव्या खेपेला त्याची टाच बरोबर तिथं पडली, इतकं बरं वाटलं!

शॉट अजून सपाट जातो. रिंग ३.०५ मीटर उंच, व्यास फक्त ४५ सेंटिमीटर. सपाट बॉलला ती आणखी अरुंद होते. जोर खांद्यातून येतो, गुडघ्यातून नाही, हे त्याचं मूळ. दीड मीटरवरून एका हातानं रोज ५० शॉट मारायचे, कमान जमली की एक पाऊल मागं. फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेषेवर जायची घाई नको.

आणि पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं, तेव्हा पिव्हट (एक पाय रोवून त्यावर वळणं) बंद, नुसती भिंतीवर पासिंग.