आज शिकवलंच नाही

"मॅडम, आज तुम्ही काही शिकवलंच नाही." तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एकजण सहज बोलून गेला.

खरंय, फळ्याला मी हातही लावला नव्हता. जोड्या पाडून बेंडिंग मोमेंटच्या, म्हणजे भाराखाली तुळई कुठे किती वाकू पाहते त्याच्या, आकृत्या त्यांनाच काढायला लावल्या. हाच पठ्ठ्या सॅगिंग की हॉगिंग, म्हणजे तुळई खाली झुकते की वर फुगते, यावरून शेजाऱ्याशी चांगली दहा मिनिटं भांडला. पाठकोऱ्या कागदावर! वही मात्र कोरी. म्हणजे शिकवलं नाही.

2019 मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. स्वतः धडपडलेल्या मुलांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं.

सेमिस्टरअखेर माझा फीडबॅक फॉर्म हीच मुलं भरणार. उद्या फळा भरून टाकू का?